लाकडावर कोरलेले शुभवर्तमान कोणाच्या मालकीचे?

फिलिपाइन्स देशातील सेबू बेटाच्या दक्षिणेस समुद्रकाठी बोलहोऑन नावाचे एक लहानसे गाव आहे. २१ मार्च २०२५ रोजी या गावच्या चर्चमध्ये चार जुने कोरीव लाकडी फलक परत आले. पवित्र मिस्सा झाली, आर्चबिशप उपस्थित होते, गावकरी जमले होते. जवळजवळ चार दशके घराबाहेर राहिलेली वस्तू घरी आली, एवढीच ती बातमी. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही. परंतु या चार फळ्यांच्या निमित्ताने जो वाद झाला, तो आपल्या प्रत्येक जुन्या धर्मग्रामाला लागू पडणारा आहे. म्हणून त्याची थोडी सविस्तर चर्चा करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

बोलहोऑनचे चर्च पवित्र मरियेच्या आश्रयाखाली आहे. त्याच्या बांधकामास १७८३ मध्ये प्रारंभ झाला आणि ऑगस्टिन संघाचे फादर हुलियान बेर्मेहो यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकात, त्याला पूर्णत्व आले. त्या काळी या किनाऱ्यावर दक्षिणेकडून सागरी टोळ्यांच्या धाडी पडत. त्यामुळे प्रार्थनेची जागा हीच आश्रयाचीही जागा होती आणि चर्चच्या भिंती किल्ल्यासारख्या जाड ठेवाव्या लागल्या. या चर्चमधील प्रवचनपीठाला, ज्याला आपल्याकडील जुनी माणसे पुल्पिट म्हणत, चहूबाजूंनी कोरीव फलक बसवलेले होते. संत ऑगस्टिन यांचे दर्शन घडवणारे ते उठावाचे काम. १९८०च्या दशकात हे फलक चर्चमधून नाहीसे झाले. कोणी काढले, कोणाला दिले, किती पैसे हातावर पडले, याविषयी आजवर बरेच बोलले गेले आहे. आम्ही त्यात शिरत नाही. आर्चबिशपांची परवानगी घेतली गेली नव्हती, ही सेबू महाधर्मप्रांताची भूमिका मात्र नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी मनिला येथील राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाने हेच फलक समारंभपूर्वक प्रकाशात आणले. खासगी संग्राहकांनी ते संग्रहालयाला देणगीदाखल दिले होते आणि राष्ट्राला मिळालेली भेट म्हणून त्यांचा गौरव करण्यात आला. गंमत म्हणा वा दैवदुर्विलास म्हणा, फलक बोलहोऑनचेच आहेत हे संग्रहालयाने मुळीच लपवले नाही. उलट ते अभिमानाने सांगितले. सेबूत संतापाची लाट उसळली. तत्कालीन आर्चबिशप होझे पाल्मा यांनी निवेदन काढून स्पष्ट केले की, हे फलक पवित्र आहेत, श्रद्धाशिक्षणाचे साधन म्हणून ते घडवले गेले, चर्चच्या वारशापासून ते वेगळे काढता येत नाहीत आणि ते परत यावेत. प्रांतिक शासन व गावकरी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वर्षभर पत्रव्यवहार, बैठका, कायदेशीर सल्ले असे सारे चालले, आणि शेवटी फलक बोलहोऑनला आले.

संग्रहालयाची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्हाला वाटत नाही. वस्तू विकत घेणाऱ्याने ती सांभाळली, विदेशात जाऊ दिली नाही, आणि शेवटी कोणाही नागरिकाला पाहता येईल अशा ठिकाणी ठेवायला दिली. यात वाईट काय, असा प्रश्न सुशिक्षित माणूस विचारू शकतो. त्याचे उत्तर ‘ते आमचे आहेत’ एवढ्याने देता येत नाही. असे फलक मुळात कशासाठी घडवले गेले आणि ते जागेवरून हलले की नेमके काय हरवते, हे पाहिल्याशिवाय या वादातील न्याय कळत नाही. म्हणून थोडे मागे जावे लागेल. बोलहोऑनच्या फलकांवर एका संताचे चरित्र आहे. बायबलमधील प्रसंग कोरलेले फलक हे याच कुळातील, आणि संख्येने कितीतरी अधिक. त्यांचा इतिहास पाहिला की मुद्दा उघड होतो.

रोममधील अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवर संत साबिना यांचे महामंदिर आहे. भस्म बुधवारी पोपमहाशय परंपरेने जेथे मिस्सा अर्पण करतात, तेच हे मंदिर. त्याचा मुख्य दरवाजा सायप्रसच्या लाकडाचा असून तो पाचव्या शतकातील, म्हणजे सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा आहे. त्यावर मूळचे २८ कोरीव फलक होते असे मानतात. त्यातील १८ आज शिल्लक आहेत. मोशे आहे, एलियाचे स्वर्गारोहण आहे, प्रभू येशूचे चमत्कार आहेत. वरच्या डाव्या कोपऱ्यातील एका लहान फलकावर दोन चोरांच्या मध्ये हात पसरून उभा असलेला प्रभू दिसतो. क्रूस जवळजवळ दिसतच नाही. मागे विटांच्या भिंतीसारखी रचना, पुढे तीन मानवाकृती आणि मधली आकृती इतर दोघांहून मोठी. क्रूसावरील मरणाचे आज ज्ञात असलेल्या अगदी प्राचीन चित्रणांपैकी हे एक आहे. क्रूसाची शिक्षा ज्या रोमन समाजात गुलाम आणि बंडखोर यांची शिक्षा म्हणून ओळखली जात होती, त्या समाजात ती मंदिराच्या दारावर कोरताना कारागिराचा हात किती संकोचला असेल, हे त्या पुसट क्रूसावरून ध्यानी यावे. पुस्तकात हे वाचून समजते. दारासमोर उभे राहिले म्हणजे जाणवते.

महान पोप ग्रेगरी यांनी इसवी सन ६०० च्या सुमारास मार्सेय येथील बिशप सेरेनस यांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. मूर्तिपूजेच्या भयाने सेरेनस यांनी चर्चमधील प्रतिमा फोडून टाकल्या होत्या. पोपमहाशयांनी त्यांना समज दिली. ज्यांना अक्षर वाचता येत नाही ते भिंतीवर पाहून वाचतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे हजार वर्षे युरोपातील खेड्यापाड्यांत हेच चालले. लाकूड हाताशी असलेले, दगडाहून हलके आणि हत्याराला वळणारे. तेव्हा जेथे संगमरवर परवडत नव्हते तेथे सुताराने शुभवर्तमान सांगितले.

हे काम कसे होई तेही सांगितले पाहिजे, कारण पुढील मुद्दा त्यावर अवलंबून आहे. झाड तोडल्यावर लाकूड मुरू देत. मोठ्या आकृतीसाठी ओंडक्याचा गाभा पाठीकडून पोखरून काढीत, नाहीतर सुकताना लाकूड तडकते. पुढची बाजू कोरून झाली की त्यावर खडूची भुकटी आणि जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस यांचे लेप एकावर एक चढवीत. तो थर घासून गुळगुळीत करीत, सोने लावायचे तेथे तांबड्या मातीचा पातळ हात देत, त्यावर सोन्याचा वर्ख चिकटवीत आणि उरलेल्या भागावर रंगकाम करीत. म्हणजे आपल्याला दिसते ते लाकूड नसतेच. लाकडावर लेप, लेपावर वर्ख, वर्खावर रंग अशी ती अनेक पदरी त्वचा असते. हे विसरून जो फडक्याला टर्पेंटाइन लावून ‘मळ’ काढायला बसतो, तो मळाबरोबर संतांचा चेहराही काढतो.

या कलेचे एक शिखर पोलंडमधील क्राकूव्ह शहरात आहे. पोप संत जॉन पॉल दुसरे यांचे हे शहर. तेथील पवित्र मरियेच्या महामंदिरातील मुख्य वेदीचे मखर फाइट श्टोस या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षे खपून घडवले. उंची सुमारे १३ मीटर, पंख उघडल्यावर रुंदी सुमारे ११ मीटर. सांगाडा ओक वृक्षाच्या लाकडाचा, आकृती लिंडेनच्या मऊ लाकडाच्या. मध्यभागी प्रेषितांच्या मेळ्यात गुडघ्यांवर कोसळणारी पवित्र मरिया आहे. मुख्य आकृतींची उंची सुमारे पावणेतीन मीटर आहे. प्रेषितांच्या हातावरच्या शिरा, कपाळावरच्या आठ्या, एकाची वळलेली बोटे, हे सारे पाहिल्यावर शिल्पकाराने शहराच्या बाजारातील माणसेच वेदीवर आणून उभी केली याविषयी शंका राहत नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते या मखराचे पंख. ते उघडे असले म्हणजे सहा मोठे उठावाचे फलक दिसतात. देवदूताचा संदेश, प्रभूचा जन्म, ज्ञानी राजांचे वंदन, पुनरुत्थान, स्वर्गारोहण आणि पवित्र आत्म्याचे आगमन. ते मिटले म्हणजे मागच्या बाजूचे बारा फलक समोर येतात. त्यांत मरियेच्या बालपणापासून प्रभूच्या अटकेपर्यंत, क्रूसापासून कबरीपर्यंत, आणि कबरीपाशी आलेल्या स्त्रियांपर्यंतचे प्रसंग आहेत. जे उघडे असते ते आनंदाचे, जे मिटलेले असते त्यात दुःखाचा वाटा मोठा. सण असेल त्याप्रमाणे पंख उघडायचे, एरवी मिटायचे. म्हणजे वर्षाच्या उपासनेचे चक्रच त्या बिजागऱ्यांवर फिरत असे. जपमाळेची रहस्ये ज्यांना क्रमाने म्हणण्याची सवय आहे, त्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एका फलकानंतर दुसरा येतो म्हणून पहिल्याला अर्थ आहे.

या मखराची जी कथा विसाव्या शतकात घडली ती मालकीच्या प्रश्नावर लख्ख प्रकाश टाकते. १९३९ मध्ये युद्धाचे ढग दाटले तेव्हा पोलिश लोकांनी मखर सुटे केले, मोठ्या आकृती पेट्यांत भरल्या आणि विस्तुला नदीतून सांदोमिएश या गावी नेऊन लपवल्या. नाझींनी त्या हुडकून काढल्या आणि जर्मनीला नेल्या. अखेर ते सारे न्यूरेंबर्गच्या किल्ल्याखालील तळघरात ठेवण्यात आले. नाझींचा युक्तिवाद असा की, शिल्पकार जर्मन होता, तेव्हा वस्तू जर्मनीची. वस्तुतः श्टोस जन्माने जर्मनच होता. न्यूरेंबर्गहून तो क्राकूव्हला आला आणि काम पुरे झाल्यावर काही वर्षांनी परत न्यूरेंबर्गला गेला. त्या चर्चमध्ये येणारे श्रीमंत व्यापारीही त्या काळी बव्हंशी जर्मन बोलत. वंश आणि भाषा यांवरून निवाडा करायचा तर नाझींच्या म्हणण्याला पुरावे सापडले असते. परंतु मखराचा खर्च, २८०८ फ्लोरिन, क्राकूव्हच्या नागरिकांनी दिला होता. साडेचारशे वर्षे ज्यांनी त्याच्यासमोर गुडघे टेकले, ज्यांची लग्ने आणि प्रेतयात्रा त्याच्या साक्षीने झाल्या, ते क्राकूव्हचे होते. १९४६ मध्ये मखर पोलंडला परत आले.

मात्र ते लगेच चर्चमध्ये आले नाही. दुरुस्तीनंतर ते वावेल टेकडीवरील राजवाड्यात, म्हणजे संग्रहालयात, राहिले. तेव्हाची साम्यवादी राजवट ते चर्चच्या हाती द्यायला उत्सुक नव्हती. महामंदिरात ते पुन्हा उभे राहिले १९५७ मध्ये. परकीयांनी ते सहा-सात वर्षे अडकवले आणि स्वकीयांनी जवळजवळ अकरा, हा हिशेब आम्हाला फार बोलका वाटतो. वस्तू देशात परतली म्हणजे ती घरी परतली असे होत नाही, हे मनिलाच्या बाबतीत दिसले ते क्राकूव्हमध्ये सत्तर वर्षांपूर्वीच दिसून चुकले होते. अगदी अलीकडे, २०१५ ते २०२१ या काळात, या मखराचे पुन्हा एकदा जतनकार्य झाले. या वेळी ते चर्चमध्येच झाले. मखर जागचे हलवले नाही.

सगळ्याच कथांचा शेवट असा होत नाही. कैरोमधील ‘झुलते चर्च’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन कॉप्टिक चर्चमधील, इसवी सन १३०० च्या सुमाराचे कोरीव लाकडी फलक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांवर प्रभूचा बाप्तिस्मा आहे, यरुशलेममधील प्रवेश आहे, पेन्टेकॉस्ट आहे. काम इतके नाजूक की अरबी नक्षीची शिकवण घेतलेल्या हातांनी ते केले हे सहज दिसते. एकोणिसाव्या शतकात ते चर्चबाहेर पडले आणि लंडनला पोहोचले. जर्मनीत १८०३ च्या सुमारास शासनाने मठ ताब्यात घेतले, तेव्हा शेकडो वेद्यांचे तुकडे झाले. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीने तेच केले. आज युरोप-अमेरिकेतील लिलावगृहांतून जे सुटे कोरीव फलक विकले जातात, त्यांतील बरेचसे कधी ना कधी अशाच एखाद्या मखराचे अंग होते. सहा फलक एकत्र विकत घेणारा ग्राहक विरळा. एकेक घेणारे पुष्कळ. म्हणून व्यापारी माळ तोडून मणी विकतो. मग प्रभूचा जन्म एका दिवाणखान्यात आणि ज्ञानी राजे दुसऱ्या खंडात. पाने सुटी केलेल्या पोथीची जी गत तीच या लाकडाची. वस्तू टिकते, कथन मरते. आमच्या मते संग्राहकांच्या कौतुकाला येथे मर्यादा पडते. त्यांनी लाकूड वाचवले हे खरेच आहे, पण ज्या मागणीमुळे ते चर्चमधून सुटले ती मागणीही त्यांचीच होती.

येथवर वाचून कोणाला वाटेल की खलनायक ठरलेला आहे: चोर, आक्रमक, दलाल. इटलीने १९६९ मध्ये कलावस्तूंच्या चोऱ्या रोखण्यासाठी काराबिनिएरी पोलीस दलाची स्वतंत्र शाखा उभारली, आणि चर्चमधील चोऱ्या हा तिच्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. चोर आहेतच. परंतु वाचकहो, जुने कोरीव काम चर्चमधून जाते ते बहुधा रात्री खिडकीतून जात नाही. भर दिवसा, मुख्य दारातून, कोणाच्या तरी संमतीने, टेम्पोत बसून जाते.

ते असे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करू लागले. वेदी पुढे आली. मागच्या उंच मखराचे काय करायचे, असा प्रश्न गावोगाव पडला. ध्वनिक्षेपक आले आणि प्रवचनपीठ बेकार झाले. लोकसंख्या वाढली, चर्च मोठे करायचे ठरले, आणि नव्या सिमेंटच्या भिंतीला जुने लाकूड विजोड दिसू लागले. यातील प्रत्येक गोष्टीमागे चांगला हेतू होता. पण विश्वपरिषदेने जुने मोडा असे कधी म्हटले नव्हते. १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातच बिशपांना बजावले आहे की, पवित्र वस्तू व मौल्यवान कलाकृती हातच्या जाऊ देऊ नयेत, त्या देवाच्या घराचे अलंकार आहेत. तरीही व्हायचे ते झालेच. म्हणून ११ एप्रिल १९७१ रोजी व्हॅटिकनला सर्व बिशप परिषदांना परिपत्रक पाठवावे लागले. उपासनेतील सुधारणेच्या नावाखाली कलावस्तू विकल्या जात आहेत, उद्ध्वस्त होत आहेत, ही त्यातील तक्रार होती. बोलहोऑनचे फलक त्यानंतर गेले, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या किनाऱ्याकडे वळू. १७३९ मध्ये वसई पडल्यावर किल्ल्यातील चर्च ओस पडली. त्यांच्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत. घंटा मराठे घेऊन गेले, त्यातील एक नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आजही वाजते आणि तिच्यावरचे १७२१ हे साल वाचता येते. वेदीमागचे लाकूड मात्र नाहीसे झाले. दगड भग्न होऊन उभा राहतो, धातू लुटला गेला तरी उरतो. लाकूड वाळवीच्या पोटात जाते, नाहीतर चुलीत. गोव्यात परिस्थिती बरी राहिली. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या सोनेरी मखरावर संत कॅथरिन यांच्या जीवनातील प्रसंग अजून जागेवर आहेत. तेथील कोरीव कामात स्थानिक हिंदू कारागिरांचा हात होता. तो इतका होता की ख्रिस्ती प्रतिमा त्यांच्याकडून करवून घेऊ नयेत असे सोळाव्या शतकातील धर्मपरिषदेला ठराव करून सांगावे लागले. मनाई करावी लागते ती जे चालू असते त्याचीच.

वसईच्या धर्मग्रामांत जुने मखर, प्रवचनपीठ, कोरीव कठडे काही ठिकाणी अद्याप आहेत. काही ठिकाणी ते होते एवढेच म्हणता येते. आमच्या परिचयाच्या एका गावी चर्चच्या नूतनीकरणात जुने सागवानी मखर उतरवले गेले. काही वर्षे त्याचे भाग वेदीमागील खोलीत उभे करून ठेवले होते. पावसाचे पाणी लागले, वाळवी लागली, मग कोणीतरी जुने लाकूड घेणाऱ्याला बोलावले. दर ठरला तो लाकडाच्या वजनावर. गावातील एका आजींना आम्ही विचारले तेव्हा त्यांना मखराची उंची सांगता येईना, पण प्रभूच्या जन्माच्या फलकावर डाव्या हाताला एक कान तुटलेले मेंढरू होते आणि क्रिसमसच्या रात्री लहान मुले त्या मेंढराला हात लावून जात, हे त्यांनी चटकन सांगितले. त्या फलकाचे एकही छायाचित्र नाही. उद्या तो मुंबईच्या एखाद्या दुकानात टांगलेला दिसला, तरी तो आमचा आहे हे सिद्ध करायला त्या आजींच्या आठवणीखेरीज आमच्यापाशी काही नाही.

जे उरले आहे त्यावर दुसरे संकट ऑइलपेंटचे. सण जवळ आला की मखराला ‘नवे’ करण्याची घाई होते. सोनेरी रंगाचा डबा स्वस्त असतो, रंगारी गावातलाच असतो, आणि देणगीदारही तयार असतो. वर वर्णन केलेल्या त्या पदरी त्वचेवर तैलरंगाचा एक जाड थर बसतो. दर पाच-दहा वर्षांनी असाच आणखी एक. शेवटी प्रेषितांची बोटे एकमेकांना चिकटतात आणि डोळे बुजतात. यात कोणाचीही श्रद्धा कमी नसते, हे आम्ही जाणतो. पण ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम ११८९ असे सांगते की, प्राचीनता, कला वा भक्ती यांमुळे मोलाच्या असलेल्या आणि भाविकांच्या वंदनासाठी ठेवलेल्या प्रतिमांची दुरुस्ती बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय करू नये, आणि बिशपांनी परवानगी देण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा. रंगाचा हात मारणे ही दुरुस्तीच नव्हे, असा बचाव कोणी करील. आमच्या मते ती दुरुस्तीहूनही गंभीर बाब आहे.

विक्रीविषयी कायदा आणखी कडक आहे. कलम १२९२ नुसार कला वा इतिहास या दृष्टीने मौल्यवान असलेली वस्तू हस्तांतरित करायची तर रोमची परवानगी लागते. लोकांची मोठी भक्ती असलेल्या प्रतिमांबद्दल कलम ११९० हेच म्हणते. म्हणजे प्रमुख धर्मगुरू, धर्मग्राम परिषद, विश्वस्त, यांतील कोणालाही असे फलक विकण्याचा किंवा भेट देण्याचा अधिकार एकट्याने नाही. सेबूच्या दाव्याचा कणा हाच होता. आपल्या देशाचा १९७२ चा पुरावस्तू कायदाही येथे लागू होतो. शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

मग संग्रहालये नकोतच काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या वस्तूला आता जागा उरली नाही, जिचे चर्चच उरले नाही, तिच्यासाठी संग्रहालय हे योग्य घर आहे, आणि ते ख्रिस्तसभेचे स्वतःचे असेल तर अधिक योग्य. गोव्यात १९९४ मध्ये राशोल येथे सुरू झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पुढे जुन्या गोव्यातील संत मोनिकाच्या मठात आले आणि दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. मुंबई महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय गोरेगाव येथे २०११ पासून आहे. आपल्या वाचकांपैकी किती जण तेथे गेले आहेत, हे विचारायला हवे. शाळेच्या सहली पाण्याच्या खेळांकडे जातात, तिकडे क्वचितच. परंतु ज्या फलकाची चौकट अजून त्याच चर्चमध्ये रिकामी उभी आहे, ज्याच्यासमोर बसणारी माणसे अजून त्याच गावात राहतात, त्याला काचेआड ठेवण्याचे समर्थन करणे कठीण आहे. बोलहोऑन आणि कैरो यांत फरक आहे तो येथे. दोन्ही ठिकाणी चर्च जिवंत आहे, पण एका ठिकाणी माणसे वेळीच बोलली.

बोलता येण्यासाठी हातात कागद लागतो. ८ डिसेंबर १९९९ रोजी सांस्कृतिक वारसाविषयक परमधर्मपीठीय आयोगाने जगभरच्या बिशपांना एक विस्तृत पत्र लिहिले. विषय एकच: चर्चमधील वस्तूंची यादी करणे किती निकडीचे आहे. इटलीच्या बिशप परिषदेने त्याआधीच, १९९६ मध्ये, हे काम हाती घेतले होते आणि लाखो वस्तूंची छायाचित्रांसह नोंद केली. आपल्याकडे यासाठी तज्ज्ञांची वाट पाहण्याचे कारण नाही. कलम १२८३ प्रमाणे तर ते बंधनच आहे. व्यवस्थापकाने सूत्रे हाती घेण्यापूर्वी मौल्यवान व सांस्कृतिक महत्त्वाच्या वस्तूंची तपशीलवार यादी करायची किंवा असलेली तपासायची, तिच्यावर सही करायची, एक प्रत धर्मग्रामात ठेवायची आणि एक बिशप निवासात द्यायची. किती धर्मग्रामांत बदलीच्या वेळी हिशेबाच्या वह्यांबरोबर ही यादीही पुढे दिली जाते, हे ज्याने त्याने आपल्या गावी विचारून पाहावे.

प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असण्याच्या काळात हे काम एका रविवारच्या दुपारचे आहे. युवक मंडळातील चौघांनी एक मोजपट्टी, एक वही आणि दिवसाचा उजेड घेऊन बसावे. प्रत्येक फलकाचे समोरून एक छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून एक, आणि जेथे तुटले आहे, चिरले आहे, ठिगळ लावले आहे तेथले जवळून एक. त्या मेंढराचा तुटका कान हीच त्या फलकाची खरी ओळख असते, म्हणून दोष लपवू नयेत. प्रसंग कोणता, लाकूड कोणते, कोणत्या भिंतीवर कितव्या क्रमाने आहे, गावातील वृद्ध मंडळी त्याविषयी काय सांगतात, हे लिहून घ्यावे. फलक सैल होऊन आधीच निघालेला असेल तर त्याच्या पाठीचेही छायाचित्र घ्यावे. पुढची बाजू कोणीही रंगवून ओळखू येईनाशी करू शकतो. पाठीवरच्या तासणीच्या खुणा आणि खिळ्यांची जुनी भोके बदलण्याचा खटाटोप सहसा कोणी करत नाही.